उजवीच काच

भिंगमामांच्या दुकानात एक नियम होता. दगड चालू असला की कोणी बोलायचं नाही.

दगड म्हणजे चष्म्याच्या काचेची कड घासायचं ओलं चाक. ते दुकानाच्या मागच्या भागात, लाकडी आडोशापलीकडे होतं. मशीन आलं होतं, काच मशीनच कापायचं. पण शेवटचा हात मामा दगडावर फिरवत. उजव्या हाताच्या दोन बोटांत काच धरायची आणि डाव्या हातानं ती केसाकेसानं फिरवत न्यायची. मामा म्हणत, उजवा हात नुसता खांब आहे, काम डावा करतो.

दगड सुरू झाला की छोटी ओठांवर बोट ठेवी. बाकावरची गिऱ्हाईकं निकालाच्या दिवशी शाळेत बसावं तशी बसत. एकदा एका गृहस्थांनी शिंक दाबून ठेवली आणि दगड थांबल्यावर एकदम तीन दिल्या.

त्या वर्षी मामांच्या मानेतली उजव्या बाजूची एक रक्तवाहिनी आतून बुजत चालली होती. ती पुरती बुजली असती, किंवा तिच्यातला एखादा मोठा तुकडा सुटून मेंदूत गेला असता, तर मामांचा डावा हात गेला असता. कदाचित मामाच गेले असते. याची खबर एकटा उजवा डोळा देत होता. खबर देऊन देऊन थकला होता.

आणि मामा काच पुसत होते.

भिंग हे नाव त्यांना लहानपणी पडलं. वडिलांच्या खणातलं भिंग पळवून त्यांनी शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या सदऱ्याला उन्हात भोक पाडलं होतं. सदरा नवा होता. मार पडला आणि नाव चिकटलं. केस पांढरे झाल्यावर लोकांनी पुढे मामा जोडलं. खरं नाव विजेच्या बिलावर यायचं, तेवढंच.

छोटी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी छोटीच. तिनं लग्न केलं नव्हतं, आणि मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोघं दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत राहत. गल्ला, फ्रेमा आणि माणसं छोटीची. काच आणि दगड मामांचा. मामांची सिगरेट ही तिसरी गोष्ट, ती कोणाचीच नव्हती. मागच्या दारात उभं राहून ते ओढत आणि एकच ओढतो म्हणत. छोटी म्हणायची, खरं आहे, दादा एका वेळी एकच ओढतो.

दुकान वडिलांचं. त्यांनी मामांना धंद्याचा पहिला धडा दिला होता: आधी काच, मग डोळा. गिऱ्हाईक म्हणालं की दिसत नाही, तर त्याच्या डोळ्यावर शंका घ्यायची नाही. काचेवर ओरखडा असेल, नंबर चुकला असेल, फ्रेम नाकावरून घसरत असेल. आधी आपलं काम तपासायचं. माणसाचा डोळा हा माणसाचा मान आहे, त्याला उगाच बोल लावू नये. मामांनी हा धडा जन्मभर पाळला. त्यामुळं त्यांचं नाव झालं. आणि त्यामुळंच ते फसले.

पहिल्यांदा झालं ते सकाळी. मामा एका फ्रेमचा स्क्रू बसवत होते. डोळ्यापुढे वरून काहीतरी करडं उतरलं. दुकानाचं शटर कोणी सावकाश खाली ओढावं तसं. दुखलं नाही, खुपलं नाही. फ्रेमचा वरचा भाग गेला, मग स्क्रू गेला.

मामांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते. चष्मा काढला. काचेवर श्वास सोडला. जुन्या मलमलीचा तुकडा घेऊन आतून पुसली, बाहेरून पुसली. उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. नाकावरची गादी पुसली, काड्या पुसल्या. मामांची पुसण्याची पद्धत अशी होती की तेवढ्यात दुसरा माणूस चहा करून पिऊन होईल. मग त्यांनी चष्मा चढवला.

सगळं लख्ख.

डाग होता, गेला. मामा स्क्रूकडे वळले.

तो अंधार काही मिनिटंच टिकायचा आणि आपसूक जायचा. पुसायला लागायची तीही काही मिनिटंच. सोनारानं किंवा शिंप्यानं डोळे चोळले असते, घाबरून कोणाला तरी हाक मारली असती. चष्मेवाल्यानं चष्मा पुसला, आणि दर वेळी पुसल्यामुळं दिसलं. ज्याचा उपाय दर वेळी लागू पडतो त्याला शंका कुठून येणार?

दुसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी उजवी काच बदलली. काचेवरचं कोटिंग खराब असणार, असं ठरवलं. कोटिंगवाल्याला फोन करून चांगलं सुनावलं. तो बिचारा म्हणाला, मामा, तक्रार तुमची एकट्याचीच आहे. मामा म्हणाले, कारण बाकीच्यांना कळत नाही.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा त्यांनी पुन्हा काच बदलली. या वेळी कोटिंगच नको म्हणून साधी घातली. दगडावर स्वतः घासली, आपल्याच चष्म्यासाठी दुकान गप्प ठेवलं.

छोटीच्या ध्यानात आलं ते तेव्हा. ती फ्रेमा पुसत होती. पुसता पुसता तिनं सहज विचारलं.

“दादा, दर वेळी उजवीच काच कशी रे खराब होते?”

“दगड उजवीकडे आहे. तुषार उडतात.”

“मग उजवा कान नाही कधी भिजत.”

मामांनी तिला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. गिऱ्हाईक नव्हतं.

पण प्रश्न मनातून जाईना. जेवताना आठवायचा, जिना चढताना आठवायचा. मामा काही दुधखुळे नव्हते. येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते एक साधी गोष्ट करायला लावत. एक डोळा झाका, काय दिसतं सांगा. आता दुसरा झाका. दोष कुठं आहे हे तेवढ्यानं कळतं. काच कितीही बदला, डोळा बदलत नाही. ही गोष्ट स्वतःवर करून बघायला एक क्षण पुरला असता.

हात वर होत नव्हता.

त्याचं कारण बाहेरच्या बाकावर होतं. वडिलांची नजर उतारवयात गेली. एक दिवस त्यांनी दगडावरून हात काढला तो परत ठेवला नाही. पुढे ते रोज सकाळी खाली येत, बाकाच्या रस्त्याकडच्या टोकाला बसत, मांडीवर एक रिकामी फ्रेम घेत आणि दिवसभर तिच्या नसलेल्या काचा पुसत. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत येत. मामांनी ते काही वर्षं पाहिलं होतं. डोळा गेला की दगड गेला, आणि दगड गेला की बाक. मामांना एवढंच समजत होतं. मानेचा त्यात काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

म्हणून आधी काच. मग पुन्हा काच.

समोर रस्त्यापलीकडे सलून होतं. सलूनवाला मामांचा शाळेपासूनचा दोस्त. हात हलका, तोंड त्याहून हलकं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या रस्त्याला माहीत होतं. कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं, कोणाच्या डोक्यावरचे केस विकतचे आहेत, सगळं त्याच्याकडून कळायचं. मामा त्याच्याकडे आठवड्यातून एकदा दाढीला जात. बाकीचे दिवस स्वतः करत, आणि ती किती वाईट केली आहे हे त्या दिवशी ऐकून घेत.

त्या दिवशी सकाळी मामा खुर्चीत बसले. चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला. गळ्याभोवती टॉवेल आला, दोन्ही गालांवर फेस आला. सलूनवाला डाव्या गालावरून वस्तरा फिरवत कोणाच्या तरी जावयाची गोष्ट सांगत होता. डावा गाल झाला. त्यानं वस्तरा पुसला आणि पलीकडे वळला.

आणि शटर खाली आलं.

आरशात सलूनवाल्याचे केस गेले. मग कपाळ. मामांनी टॉवेलखालून हात काढला आणि नाकाकडे नेला. बोटांना नुसता फेस लागला.

“काय पाहिजे?” सलूनवाला म्हणाला.

“चष्मा. जरा पुसायचाय.”

“चष्मा फळीवर आहे.”

“हां.”

“तुझ्या नाकावर काहीच नाही, लेका. पुसणार काय?”

आरशातला माणूस अर्धा होता. नाकावर काच नव्हती, दोष द्यायला कोटिंग नव्हतं, दगड रस्त्याच्या पलीकडे होता. त्यांनी सावकाश हात वर केला आणि डावा डोळा झाकला.

काळोख.

मग उजवा झाकला. चष्म्याविना जेवढा दिसायचा तेवढा आरसा दिसला. दिवा, बाटल्या, हातात वस्तरा धरून उभा असलेला दोस्त.

त्यांनी पुन्हा डावा झाकला. ज्याला जन्मभर दुसऱ्यांना हे करायला लावायची सवय आहे, त्याचा स्वतःवर एकदम विश्वास बसत नाही. दोनदा तपासावं लागतं.

सलूनवाल्यानं वस्तरा खाली ठेवला. त्यानं काय होतंय ते विचारलं आणि मामांनी सांगितलं. किती दिवसांपासून, तेही सांगितलं. सांगता सांगता करडं हळूहळू वर सरकलं, कपाळ दिसलं, केस दिसले. डोळा पुन्हा कोरा करकरीत. या वेळी कोणी काही पुसलं नव्हतं.

मामा म्हणाले, “बघ, गेलं. छोटीला काही बोलू नकोस.”

“नाही बोलत.”

“शपथ घे.”

“तू दोन मिनिटं बस,” सलूनवाला म्हणाला. “आलोच.”

आणि तो दार उघडून थेट रस्ता ओलांडून गेला.

मामांना खुर्चीतून दिसत होतं. दोस्त त्यांच्याच दुकानाच्या पायऱ्या चढत होता. उठून धावावं तर एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस, गळ्यात टॉवेल. चौकातून शाळेची मुलं चालली होती. अब्रूचा प्रश्न होता. मामा बसून राहिले. सलूनवाल्यानं त्यांना बरोबर त्याच अवस्थेत सोडलं होतं, ते मुद्दाम की घाईत, यावर पुढे बरेच दिवस वाद चालला. तोंडात तीळ न भिजणाऱ्या माणसाचा असा उपयोग एरवी कोणाला झाला नसेल.

छोटी आली ती दुकानाचं शटर ओढूनच. तिनं टॉवेलानं भावाचा फेस पुसला आणि कोपराला धरलं.

“चल.”

“दाढी तरी पुरी होऊ दे.”

“चल म्हटलं ना.”

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना कोपऱ्यावरच होता. बाई मामांना चांगल्या ओळखत. त्यांच्या चिठ्ठीवरचे चष्मे मामाच करत. त्यांनी अर्ध्या दाढीकडे पाहिलं, पण विचारलं डोळ्याचंच. पडदा वरून येतो की बाजूनं. एकाच डोळ्यात येतो का. दुखतं का. किती वेळ राहतो. कधी हात जड झाला का, बोलताना शब्द अडखळला का. मामा उत्तरं देत गेले. छोटी ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला, कारण यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

बाईंनी डोळ्यात थेंब घातले, बाहुली मोठी होईस्तोवर थांबवलं, मग दिवा लावून आत पाहिलं. पाहताना त्या एकदम गप्प झाल्या. ती शांतता मामांना ओळखीची वाटली. तो दगडावरचा गप्पपणा होता. मामांनी श्वासही हळू घेतला.

बाईंनी दिवा बाजूला केला. मग एक गोष्ट केली जी डोळ्यांच्या दवाखान्यात मामांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी स्टेथोस्कोप घेतला आणि मामांच्या मानेवर टेकवला. श्वास रोखायला सांगितला. बराच वेळ ऐकलं.

मग त्या समोर बसल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं. डोळ्याच्या आत बारीक रक्तवाहिन्या असतात. त्यातल्या एकीच्या फाट्यावर एक पिवळा चमकणारा कण अडकलाय, काचेच्या चुऱ्यासारखा. तो कण डोळ्यात तयार झालेला नाही, मानेतून आलाय. मानेतून मेंदूकडे आणि डोळ्याकडे जी मोठी रक्तवाहिनी जाते तिला आतून थर चढतो, पाण्याच्या नळाला चढतो तसा. तो थर सुटतो. छोटा कण सुटला की तो डोळ्यात येतो, जरा वेळ अंधार होतो, कण विरतो किंवा पुढे सरकतो, उजेड परत येतो.

“आणि मोठा सुटला तर?” छोटीनं विचारलं.

“मेंदूत जातो. झटका येतो.” बाई मामांकडे वळल्या. “वाहिनी उजवीकडची आहे. म्हणजे शरीराची डावी बाजू जाते.”

मामांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो मांडीवर पडला होता. बोटांच्या टोकांना दगडाची कायमची पांढरट कड होती.

“मग डोळा बाद नाही झाला माझा?” त्यांनी विचारलं.

“डोळा तुमचा चांगला आहे, मामा. तो बिचारा कधीपासून हाका मारतोय. तुम्ही त्याचं तोंड पुसत बसलात.”

छोटी हसली आणि हसता हसताच रडली. बाईंनी इस्पितळात फोन लावला. एक गोळी तिथंच घ्यायला लावली. उद्या नाही, आजच जायचं, आणि घरी न जाता इथूनच. मामा म्हणाले, निदान दाढी. बाई म्हणाल्या, दाढी वाढतच असते, तिला घाई नसते.

इस्पितळात मानेवर थंड जेली लावून सोनोग्राफी झाली. पडद्यावर रक्त रंगानं दिसत होतं. खाली रुंद वाहत येई, आणि एका जागी आल्यावर सुतासारखं बारीक होऊन पुढे निसटे. मामांना कोणी समजावायची गरज पडली नाही. कुठली कड जाड आहे हे त्यांना पाहताच कळलं.

सर्जन उंच होते आणि हळू बोलत. त्यांनी काही लपवलं नाही. मान उघडून वाहिनीतला थर खरवडून काढायचा. काढताना झटका येण्याचा धोका थोडा असतोच. नाही काढला तर धोका पुष्कळ जास्त, आणि तो रोज असेल. गोळ्या तर जन्मभर घ्यायच्याच, आणि सिगरेट आजपासून बंद. एका वेळी एक चालेल का, असं मामांनी विचारलं नाही. छोटी बघत होती.

विचार करा असं सांगून सर्जन औषधांचा कागद लिहायला वळले. मामांनी बहिणीला विचारलं, काय करू. तिनं खिडकीकडे तोंड केलं.

“मला काय विचारतोस? तू हो म्हण. म्हणजे मी खाली जाऊन एकदाची रडून येते.”

मामांनी हो म्हटलं. ती खाली जाऊन आली. आल्यावर पाहते तो भाऊ सर्जनच्या चष्म्याकडे टक लावून बसलेला. सर्जन मान खाली घालून लिहीत होते आणि दर दोन ओळींनी चष्मा बोटानं वर सारत होते.

“छोटे, पर्समध्ये पेचकस आहे का?”

पेचकस होता. चष्मेवाल्याच्या बहिणीच्या पर्समध्ये तो नसेल तर कोणाच्या असेल? मामांनी हात पुढे केला. सर्जन जरा चकित झाले, पण चष्मा काढून दिला. मामांनी दोन्ही काड्यांचे स्क्रू आवळले, नाकाच्या गाद्या किंचित आत दाबल्या, काचा पुसल्या. पुसायला वेळ लागला. तेवढ्यात छोटीनं सर्जनना सगळं सांगून टाकलं, उजवी काच, कोटिंगवाला, आणि दगड चालू असताना दुकानात न बोलण्याचा नियमही. सर्जन चष्मा घालून म्हणाले, छान बसला. मामा म्हणाले, माझ्या मानेत बघणाऱ्याचा चष्मा सैल असून कसं चालेल?

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं उरलेला गाल आणि मान साफ केली. मामांना पूर्ण झोपवायचं नव्हतं. मानेपुरती भूल द्यायची आणि मामा जागे राहणार. याचं कारण त्यांना आदल्या दिवशीच समजावलं होतं. मध्ये काही वेळ त्या वाहिनीतलं रक्त चिमटा लावून थांबवावं लागतं. तेवढा वेळ मेंदूच्या उजव्या बाजूला दुसरीकडून पुरेसं रक्त मिळतं की नाही, हे डाव्या हातावरून कळतं. म्हणून त्यांच्या डाव्या हातात एक रबरी बदक दिलं. दाबलं की चूं वाजायचं. लहान मुलांच्या आंघोळीतलं. चूं येत राहिलं की सगळं ठीक. चूं थांबलं की लगेच रक्ताची दुसरी वाट करून द्यायची.

मामांच्या तोंडावर कापडाचा तंबू होता. आत निळसर उजेड. मानेवर काहीतरी ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटत होतं, दुखत नव्हतं. बाहेर हत्यारांची हलकी टिकटिक. कोणी बोललंच तर दोन शब्द. मामा ऐकत होते आणि त्यांना बरं वाटत होतं. चांगल्या हातांचा आवाज ते ओळखत.

“आता थांबवतोय,” सर्जन म्हणाले. “दाबत राहा.”

चूं. चूं. चूं.

मग खोली आणखी शांत झाली. आता खरं काम चाललंय हे मामांना कापडाखालीही समजलं. कोणाचा पाय हलत नव्हता.

बदक गप्प झालं.

डोक्याशी बसलेल्या भूलतज्ज्ञानं कापड उचललं. हत्यारांची टिकटिक थांबली.

“मामा, दाबा.”

“दाबतोय.”

“आवाज येत नाही.”

“डॉक्टरांचं बारीक काम चाललंय,” मामा कुजबुजले. “म्हणून हळू दाबतोय.”

भूलतज्ज्ञानं मामांच्या मुठीवर हात ठेवला. बोटं बदकावर हलत होती, नेटानं, सावकाश, काच फिरवावी तशी. मग कुठंतरी कोपऱ्यात एक नर्स फसकन हसली. सर्जनांनी मोठा श्वास सोडला.

“मामा, इथला नियम उलटा आहे,” ते म्हणाले. “माझा दगड चालू असताना गप्प बसायचं नाही.”

मग मामांनी दाबलं. शेवटचा टाका पडेपर्यंत त्या खोलीत बदकाशिवाय काही ऐकू आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कोणाच्या बारीक कामात मुद्दाम आवाज केला. नंतर सांगताना ते म्हणत, मानेपेक्षा त्याचाच जास्त त्रास झाला.

बाहेर छोटी आणि सलूनवाला बाकावर बसले होते. सलूनवाला सकाळपासून एक अक्षर बोलला नव्हता. छोटीला त्याचीच काळजी वाटायला लागली होती. सर्जन बाहेर आले. टोपी काढली, चष्मा नाकावर घट्ट होता. त्यांनी आधी हात वर करून डावी मूठ उघडमीट करून दाखवली. मग बदकाची गोष्ट सांगितली. छोटीनं तोंडावर पदर घेतला. सलूनवाला हसायला लागला आणि त्याची जीभ परत आली, ती पुढे रस्त्यापर्यंत थांबली नाही. मामा घरी पोचायच्या आधी बदक रस्त्यावर पोचलं होतं.

मानेतून काढलेला थर मामांनी बाटलीत पाहिला. पिवळट, खडबडीत, वाहिनीच्या फाट्याच्या आकाराचा. त्यांनी भिंग मागवलं आणि बराच वेळ पाहत राहिले. एवढंच होतं, म्हणाले. मग बाटली परत दिली.

घरी आल्यावर हात दगडावर ठेवायला त्यांना महिनाभर बंदी होती. ते खाली येत आणि बाकावर बसत. वडील बसायचे त्याच टोकाला. छोटीला ते बघवेना. पण मामांनी मांडीवर रिकामी फ्रेम घेतली नाही. येणाऱ्या माणसाशी बोलत, आणि ज्याची काच सारखी डागाळते म्हणून तक्रार असे त्याला तिथंच एक डोळा झाकायला लावत, मग दुसरा. काच नंतर बघत. काहींना डॉक्टरबाईंकडे पाठवत. बहुतेकांचं काही निघत नसे. एकाचा मोतीबिंदू निघाला, एकीचा चष्मा खरंच घाण होता. उगाच फेरी पडली म्हणून लोक कुरकुरत. मामा म्हणत, पडू दे फेरी, पाय आहेत ना दोन्ही?

सिगरेटचं जड गेलं. मागच्या दारात ते अजून उभे राहत, हात खिशात घालून, बस चुकलेल्या माणसासारखे. छोटी मधूनच येऊन शेजारी उभी राही.

सलूनवाल्याकडची पहिली दाढी झाली तेव्हा त्यानं तक्रार केली की त्याचं अर्धं काम एका नर्सनं केलं, आणि बरं केलं नाही. वस्तरा मानेवरच्या गुलाबी रेघेपाशी आला की तो थांबे, वळसा घाली. उजव्या गालाकडे येण्याआधी मामांनी हात वर केला. डावा डोळा झाकला. मग उजवा. सलूनवाला वस्तरा हवेत धरून उभा. जावयाची गोष्टही अर्ध्यावर थांबलेली.

“आहेस,” मामा म्हणाले. “दोन्हींत आहेस. हो पुढे.”

ज्या दिवशी दगडावर परत हात ठेवायची परवानगी मिळाली, त्या दिवशी छोटीनं आडोशापलीकडे एक वस्तू ठेवली. मामा मागे गेले तर पाण्याच्या भांड्याशेजारी रबरी बदक. इस्पितळातून तिनं मागून आणलं होतं. तिची एकच अट होती. आडोशामुळं तिला गल्ल्यावरून भाऊ दिसत नसे. दगड चालू असताना ती बोलणार नव्हती, नियम तो नियम. पण प्रत्येक काच झाली की त्यानं एकदा दाबायचं. डाव्या हातानं.

मामा म्हणाले, गिऱ्हाईकं हसतील. ती म्हणाली, हसू देत.

दगड सुरू झाला. बाकावर एक बाई आणि तिचा नवरा होता, दोघं गप्प बसले. ओली घरघर चालली. छोटी ओठांवर बोट ठेवून उभी होती, पण डोळे आडोशाकडे. काच फिरत होती, केसाकेसानं. घरघर हळू झाली. थांबली.

काही नाही.

छोटीनं ओठांवरचं बोट खाली घेतलं. गल्ला बंद केला. एक पाऊल पुढे टाकलं.

आडोशापलीकडून मलमलीवर काच फिरण्याचा आवाज येत होता. आतून, बाहेरून. उजेडात धरून. पुन्हा. मामा पुसत होते. त्यांना पुसायला वेळ लागायचाच.

मग आलं. चूं.

बाकावरची बाई दचकली आणि नवऱ्याकडे बघायला लागली. छोटीनं गल्ला उघडला.

“झाला तुमचा चष्मा,” ती म्हणाली.